प्रती उदंड, परंतु नोंद कोठे?

व्यापाऱ्याची पत त्याच्या वहीत असते, हे वाक्य आपणा सर्वांच्या कानांवरून बाळपणापासून गेलेले आहे. ती वही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकात जाऊन बसली. डिचोलीची बाजारपेठ घ्या किंवा पेडण्याची घ्या, लाल कापडी बांधणीच्या चोपड्या आता बहुतेक दुकानांत दिवाळीच्या पूजेपुरत्या उरल्या आहेत. पूजन वहीचे आणि हिशेब टॅलीत, असा आजचा व्यवहार आहे. या बदलाबद्दल मला खेद नाही. जी बेरीज जुळविता जुळविता आमच्या मेहताजींना रात्रीचे दहा वाजत, ती आज डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. खेद आहे तो निराळ्या गोष्टीचा. संगणकातील हिशेबाची राखीव प्रत, जिला लहानथोर सर्व ‘बॅकअप’ म्हणतात, ती आपण घेतो. परंतु घेतल्यानंतर ती कोठे ठेवली, तिच्यात कोणत्या साल-महिन्याचा हिशेब आहे, ती कोणाच्या स्वाधीन आहे आणि वेळ आली तर ती उघडेल की नाही, याची लेखी नोंद ठेवणाऱ्या पेढ्या आपल्या संघात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही असतील की नाही, याची मला शंका आहे.

संगणकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि धंदा घाऊक धान्याचा. परंतु ज्या प्रश्नाविषयी मी लिहीत आहे तो यंत्राचा नसून वखारीचा आहे, अशी माझी खात्री झाल्यामुळेच हे धाडस करीत आहे. वखारीत हजार पोती असून कोणत्या थप्पीत कोणता माल, कोणत्या गाडीने कधी आला आणि कोणता आधी काढावयाचा हे ठाऊक नसेल, तर ती हजार पोती मालकाच्या उपयोगाची नव्हेत, उंदरांच्या आणि टोक्यांच्या उपयोगाची. राखीव प्रतींची अवस्था आपण तशीच करून ठेवली आहे.

नाव न घेता एक उदाहरण देतो. माझ्या एका स्नेह्याच्या पेढीवर २०२२-२३ सालच्या विक्रीविषयी विचारणा आली. त्या सालाचे महत्त्व धान्यवाल्यांना सांगावयास नको. १८ जुलै २०२२ पासून आधीच बांधलेल्या व लेबल लावलेल्या, पंचवीस किलोपर्यंतच्या धान्याच्या पिशवीवर पाच टक्के कर लागू झाला. तोपर्यंत तो बहुतांशी नोंदणीकृत छाप असलेल्या मालापुरता होता. तेव्हा एकाच वर्षाचा हिशेब, पण अठरा जुलैच्या आधी कोणता माल सुटा गेला, कोणता पिशवीत गेला, आणि नंतर किती वजनाच्या पिशव्या गेल्या, हे बिलागणिक दाखविणे आवश्यक झाले. पेढीचा संगणक मधल्या काळात बिघडून बदलला गेला होता. बॅकअप आहे काय, असे विचारताच गल्ल्याच्या खणातून चौदा पेनड्राइव्ह निघाले. एकावरही चिठ्ठी नव्हती. तिघांत घरच्या लग्नाची छायाचित्रे होती, दोन उघडलेच नाहीत, आणि उरलेल्यांत एकाच वर्षाचा हिशेब सहा वेळा उतरवून ठेवलेला सापडला; हवे ते वर्ष मात्र नव्हते. शेवटी वाहतुकीच्या बिलट्या, बेळगावच्या अडत्यांच्या पट्ट्या आणि बँकेचे उतारे जमवून महिनाभर रात्री जागून हिशेब पुन्हा उभा करावा लागला.

पैशाचे नुकसान फारसे झाले नाही. परंतु त्या महिन्यात दुसरे एक नुकसान झाले, त्याचा आकडा कोणत्याच खात्यावर पडत नाही. पेढी दोघा भावांची. धाकट्याच्या मनात असे आले की, नेमके तेच वर्ष नाहीसे व्हावे हा योगायोग नसावा. थोरला मनुष्य सरळ आहे, हे मी चाळीस वर्षांच्या ओळखीवरून सांगू शकतो. पण आपला सरळपणा सिद्ध करावयास त्याच्या हाती चौदा निनावी पेनड्राइव्हांखेरीज काही नव्हते. दोघे अजून एकाच गादीवर बसतात. बोलणे मात्र ग्राहकापुरते आणि मालापुरते उरले आहे. जुन्या काळी वहीची पाने क्रमांकित असत, मधले पान फाडले तर दिसे. त्यामुळे भावाभावांत संशयाला जागा कमी राही. क्रमांक नसलेली प्रत ही अशी घरे फोडू शकते, हे पाहिल्यावर मी या विषयाची चौकशी सुरू केली.

माझा भाचा नवी मुंबईत महापे येथे एका मोठ्या माहिती-केंद्रात नोकरीस आहे. त्याने मला टेपांच्या भांडाराची, त्यांच्या भाषेत टेप लायब्ररीची, जी हकीकत सांगितली ती ऐकून मी थक्क झालो, आणि थोडा वरमलोही. कारण त्यात आपल्या वखारीत नाही असे काहीच नव्हते. मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती आपल्या हिशेबाची राखीव प्रत आजही चुंबकीय फितीवर ठेवतात. ही फीत संगणकाच्या कामी नवीन नाही. आयबीएम कंपनीने फितीचे आपले पहिले यंत्र १९५२ साली बाजारात आणले. आज जी फीत सर्वत्र चालते तिला एलटीओ म्हणतात. २००० साली तिची पहिली पिढी आली तेव्हा एका डबीत १०० गिगाबाइट मजकूर मावत असे. २०२१ साली आलेल्या नवव्या पिढीच्या डबीत १८ टेराबाइट, म्हणजे १८० पट, मावतो. तळहाताएवढ्या डबीत अर्धा इंच रुंदीची आणि एक किलोमीटरहून थोडी अधिक लांबीची फीत गुंडाळलेली असते.

भांडार म्हणजे एक मोठे कपाट. त्यात शेकडो, कधी हजारो, कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक डबी. आणि मधून रुळावर फिरणारा एक यांत्रिक हात. डबीच्या पाठीवर रेघांची चिठ्ठी असते. तिच्यावर सहा अक्षरांचा क्रमांक आणि पुढे फितीची पिढी सांगणारी दोन अक्षरे. यंत्राचा हात ती चिठ्ठी वाचतो, सांगितलेली डबी उचलतो, वाचनयंत्रात घालतो आणि काम झाले की परत कप्प्यात ठेवतो. ज्यांनी मोपाच्या विमानतळावर सामान दिले आहे त्यांना हा प्रकार निराळा वाटणार नाही. पेटीला रेघांची पट्टी चिकटविली की ती पट्टीच पेटीची ओळख. पट्टी गळून पडली, तर पेटी शाबूत असूनही ती कोणाचीच नसते.

परंतु यंत्राचा हात हा खरा कारभारी नव्हे. खरा कारभारी म्हणजे नोंदपुस्तक, ज्याला ते लोक कॅटलॉग म्हणतात. त्यात प्रत्येक क्रमांकापुढे लिहिलेले असते : ही फीत कोरी आहे, लिहिली जात आहे, भरली आहे की मुदत संपून पुन्हा वापरण्यास मोकळी झाली आहे; तिच्यावर कोणत्या तारखेचा कोणता हिशेब आहे; ती कपाटात आहे, की दुसऱ्या गावच्या तिजोरीत पाठविली आहे; पाठविली तर कोणाच्या हाती, कोणत्या दिवशी, आणि परत कधी येणार. आजवर ती किती वेळा यंत्रात चढली आणि वाचताना अडखळली काय, हेही लिहिले जाते. अडखळू लागलेली फीत वेळीच निवृत्त करतात. यंत्राचे तोंड साफ करण्याची फीतसुद्धा निराळ्या क्रमांकाने नोंदलेली असते, आणि ठरलेल्या वेळा वापरली की टाकून देतात. दुसऱ्या गावी जाणाऱ्या पेटीबरोबर यादी जाते, घेणारा सही करतो, आणि ठरावीक काळाने सर्व डब्या मोजून यादीशी ताडून पाहतात. आवक, जावक, शिल्लक. आपल्या मालाच्या रजिस्टरात याहून अधिक काय असते?

फिती फिरविण्याच्या त्यांच्या पद्धतीचे नाव ऐकून आमच्या घरातील बायकामंडळींना हसू आले. तिला आजोबा, वडील आणि मुलगा असे म्हणतात. रोजची प्रत हा मुलगा. तो आठवड्याने पुसून पुन्हा लिहितात. आठवड्याची प्रत हे वडील. ते महिनाभर राहतात. महिन्याची प्रत हे आजोबा. त्यांना वर्षभर किंवा कायद्याने सांगितले असेल तितका काळ हलवावयाचे नाही. या रचनेतले शहाणपण असे की, आज झालेली चूक जर दहा दिवसांनी लक्षात आली तर मुलगा बिघडलेला असतो, पण वडील किंवा आजोबा तरी शुद्ध सापडतात. आपल्याकडे बहुतेक दुकानांत काय चालते? एकच पेनड्राइव्ह, रोज संध्याकाळी त्याच्यावरच नवी प्रत. म्हणजे घरात मुलगा तेवढा आहे, वडीलधारे कोणी नाही. त्यातून जुन्या टॅलीत बॅकअपच्या फाईलीला ‘टीबीके ९००’ असे ठराविकच नाव मिळत असे. दहा वर्षांच्या दहा प्रती नावाने एकसारख्या. बाहेर चिठ्ठी लावल्यावाचून आत कोणते साल आहे हे ब्रह्मदेवालाही कळावयाचे नाही.

नोंद हरवली म्हणजे मोठमोठ्यांची काय गत होते याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. १९६९ साली मनुष्याने चंद्रावर पहिले पाऊल ठेवले, त्या वेळचे मूळ चित्रण ज्या फितींवर उतरले होते त्या फिती अमेरिकेच्या नासा या संस्थेला पुढे सापडेनात. मोठा शोध झाला आणि २००९ साली निष्कर्ष निघाला तो असा की, फितींची चणचण असताना त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. चोरी नाही, आग नाही. फक्त अमुक फीत पुसावयाची नाही एवढे कोणाच्या समोर आले नाही. दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित झालेल्या प्रती जगात शिल्लक होत्या, त्यांच्यावर काम भागवावे लागले.

याच्या उलट उदाहरण आपल्या गोव्यात आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. गोव्याचे पुराभिलेखागार १५९५ साली स्थापन झाले आणि दियोगु दु कौतु हा त्याचा पहिला रक्षक. त्यातील ‘मोंसोंइश दु रेइनु’ या पत्रव्यवहाराचे ६२ खंड १७७७ साली लिस्बनला नेण्यात आले. नेले म्हणून ते नाहीसे झाले नाहीत. किती नेले, कोठे नेले हे नोंदलेले असल्यामुळे संशोधकाला आजही कोणता कागद पणजीस पाहावयाचा आणि कोणता लिस्बनला, हे सांगता येते. सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले गावचे सुपुत्र डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी या दप्तरखान्याची धुरा वाहताना त्यातील संग्रहांचे मार्गदर्शक पुस्तक सिद्ध केले. ते १९५५ साली छापून निघाले. कागद शेकडो वर्षांचे होतेच. परंतु कोणत्या फडताळात काय आहे हे सांगणारे पुस्तक झाले, तेव्हा ते कागद जगाच्या उपयोगी पडू लागले. माझ्या समजुतीप्रमाणे टेप लायब्ररीतील नोंदपुस्तक आणि पिसुर्लेकरांचे हे पुस्तक यांची जात एकच.

आपल्या समाजापुरते बोलावयाचे तर ही विद्या आपल्याला परकी नाही. पाटण, खंभात, जेसलमेर येथील ग्रंथभांडारांत पोथी कापडाच्या वेष्टनात, वेष्टन लाकडी डब्यात, डब्याला क्रमांक आणि डब्यातील पोथीलाही क्रमांक, अशी व्यवस्था चालत आलेली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९४४ साली प्रा. ह. दा. वेलणकरांचा ‘जिनरत्नकोश’ प्रसिद्ध केला. कोणता ग्रंथ कोणकोणत्या भांडारात आहे याची ती सूची. आणि एकाच ठिकाणी ठेवलेल्या प्रतीचा धोकाही आपणच अनुभवला आहे. ‘धवला’ या महान टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके मूडबिद्रीतच होत्या. त्या दर्शनाला मिळत, नकलेला मिळत नसत. पुढे नकला बाहेर आल्या, आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला. त्या नकला झाल्या नसत्या आणि मध्ये एखादी आग लागली असती, तर काय उरले असते याचा विचारही करवत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. आमची तरुण मंडळी म्हणतात, “काका, हे सर्व जुने झाले. आता सर्व काही क्लाउडवर असते. कपाट नको, चिठ्ठी नको.” क्लाउड म्हणजे आकाशातील ढग नव्हे, दुसऱ्याच्या वखारीतील भाड्याची जागा आहे, हे आधी समजून घ्यावे. भाड्याची जागा वाईट नसते, मीही घेतो. परंतु २०११ सालच्या फेब्रुवारीत गूगलच्या जीमेलमधील काही ग्राहकांची पत्रे एका सदोष फेरबदलामुळे नाहीशी झाली. त्यांच्या प्रती अनेक ठिकाणी होत्या, पण दोष सर्व प्रतींत एकदम गेला. शेवटी पत्रे परत आली ती फितींवरून, कारण फीत कपाटात असते आणि कपाटातील फितीला संगणकाचा दोष लागत नाही. जगातील एवढी मोठी कंपनी फीत बाळगते, हे तरुणांनी ध्यानात घ्यावे.

दुसरे उदाहरण मुंबईजवळचे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील एका धक्क्याचे काम ठप्प झाले. कंपनीच्या जाळ्याचा कारभार सांभाळणारे सुमारे दीडशे संगणक एकमेकांशी सतत जुळते राहत आणि तीच त्यांची राखीव प्रत समजली जाई. सर्व एकदम गेले. वाचला तो एक, आफ्रिकेतील घाना देशातला. आणि तोही वाचला कशामुळे, तर त्या वेळी तेथे वीज गेली होती म्हणून. वीज जाण्याचे इतके कौतुक करावयाची पाळी आपल्यावर, पावसाळ्यातल्या पेडणेकरांवर, एरव्ही येत नाही. तात्पर्य, जुळता आरसा ही प्रत नव्हे. माझ्या तोंडाला काजळ लागले तर आरशातही लागते.

आणि घरचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. २०२२ सालच्या जून महिन्यात गोव्याच्या जलसंपदा खात्याच्या पूरनिरीक्षण यंत्रणेच्या संगणकावर खंडणीखोरांचा हल्ला झाला. नद्यांवरील पंधरा ठिकाणच्या पाण्याची मोजणी त्यावर येत असे. फाईली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागण्यात आली. ऐन पावसाच्या तोंडावर! ज्यांनी २०२१ सालच्या जुलैचा पूर पाहिला आहे, त्या डिचोली-सत्तरी-पेडण्याच्या लोकांना नदीची मोजणी म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. मी सरकारवर टीका करावयास हे लिहीत नाही. सरकारी माहिती-केंद्रातील संगणकावर असे होऊ शकते, तर आपल्या गल्ल्यावरच्या संगणकावर, ज्याच्यावर दुपारी मुले खेळ खेळतात, काय होणार नाही? अशा वेळी तारेने जोडलेली नसलेली, कपाटात निजलेली प्रत हीच काय ती वाचते. आणि ती कोणत्या तारखेची आहे हे चिठ्ठीवर लिहिलेले असेल तरच तिचा उपयोग.

गोव्यातील हवेविषयी दोन शब्द. फीत दीर्घकाळ ठेवावयाची तर १६ ते २५ अंश उष्णता आणि हवेत २० ते ५० टक्के ओल, असे निर्माते सांगतात. आपल्याकडे आषाढात ऐंशी-नव्वद टक्के ओल ही नित्याची. कडधान्याला बुरशी येते ती हवा पेनड्राइव्हाला आणि डिस्कला काय मानवणार! लोखंडी कपाट, हवाबंद डबा आणि त्यात ओल शोषणाऱ्या पुड्या, एवढा तरी बंदोबस्त हवा. तळमजल्यावर ठेवू नये, हे पूर पाहिलेल्यांना सांगण्याची गरज नाही.

याहून सूक्ष्म धोका एक आहे, तो म्हणजे वस्तू शाबूत राहून वाचणारा न राहणे. आमच्या आजोबांच्या मोडीतल्या वह्या माळ्यावर आहेत. कागद उत्तम, शाई काळीभोर, पण घरात वाचणारा कोणी नाही. फितीचे तसेच होते. सातव्या पिढीपर्यंतचे एलटीओ यंत्र मागच्या दोन पिढ्यांची फीत वाचत असे, आठव्या पिढीपासून एकाच मागच्या पिढीची, आणि २०२५ साली आलेल्या दहाव्या पिढीचे यंत्र तर मागची एकही वाचत नाही. म्हणून टेप लायब्ररीवाले दर काही वर्षांनी जुन्या फितींवरील मजकूर नव्यांवर उतरवून घेतात आणि नोंदपुस्तकात तसे लिहितात. आपणही हिशेबाची संगणकप्रणाली बदलताना जुनी वर्षे नव्या रूपात उघडून पाहिली पाहिजेत, आणि ज्याने ती उघडून पाहिली त्याची सही घेतली पाहिजे.

कायद्याचे म्हणाल तर तो आपल्या बाजूचाच आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब राखावा लागतो. २०२२-२३ सालच्या विवरणाची मुदत ३१ डिसेंबर २०२३ होती, म्हणजे तो हिशेब २०२९ सालच्या डिसेंबरअखेरपर्यंत हाताशी हवा. त्याच कायद्याच्या नियमांतील ५७ व्या नियमात योग्य राखीव प्रत ठेवावी आणि अपघाताने अथवा नैसर्गिक कारणाने मूळ हिशेब नष्ट झाल्यास तो वाजवी वेळेत पुन्हा उभा करता यावा, असे सांगितले आहे. खाजगी मर्यादित कंपन्या असलेल्या सभासदांना तर २०२२ सालच्या ऑगस्टपासून रोजच्या रोज प्रत घेणे आणि ती भारतातील संगणकावर ठेवणे बंधनकारक आहे. पण मी कायद्याच्या भीतीने हे करा म्हणत नाही. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोलीत ट्रकवाल्यांकडे, बार्जवाल्यांकडे आपली किती उधारी अडकली होती! ज्यांच्या वह्या नीट होत्या त्यांना ती सलोख्याने हप्त्याहप्त्याने मिळाली. ज्यांच्या नव्हत्या त्यांनी तोंडी आकड्यांवर वाद घातले आणि ग्राहकही गमावले.

आता सूचना. प्रत्येक पेढीने टेपांचे यंत्र घ्यावे, असे मी मुळीच म्हणत नाही. फीत काही हजारांत मिळते, पण तिचे यंत्र लाखांच्या घरात जाते. धान्याच्या नफ्यात ते बसत नाही. आपल्याला त्यांचे यंत्र नको, त्यांची शिस्त हवी. तीन-चार बाह्य डिस्का पुष्कळ झाल्या. प्रत्येकीला क्रमांक द्यावा, आणि एक साधी रेघांची वही घालावी : क्रमांक, प्रत घेतल्याची तारीख, कोणत्या सालाचा हिशेब, कोणी घेतली, कोठे ठेवली, कोणाला दिली, परत केव्हा आली, उघडून पाहिल्याची तारीख, आणि केव्हा पुसावयास मोकळी. ही वही संगणकात नको, कागदावरच हवी. कुलपाची किल्ली कुलपाच्या आत ठेवीत नाहीत. परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात घरातील दुसऱ्या कर्त्या माणसाजवळ असावा. मुलगा पुण्यात, सून दुबईत आणि परवलीचा शब्द वडिलांबरोबर गेला, असे प्रकार आता ऐकू येऊ लागले आहेत. आणि हे काम पगारी मुलावर टाकू नये. तो सहा महिन्यांनी म्हापशाला अधिक पगारावर जातो, आणि त्याच्याबरोबर सर्व आठवणीही जातात.

संघाने करावयाचे ते असे. डिचोलीत एक आणि पेडण्यात एक, अशी दोन पक्की लोखंडी कपाटे वरच्या मजल्यावर घ्यावीत. डिचोलीकरांच्या महिन्याच्या प्रती पेडण्याच्या कपाटात आणि पेडणेकरांच्या डिचोलीच्या कपाटात राहाव्यात. एकाच आगीत किंवा एकाच नदीच्या पुरात दोन्ही जाण्याचा संभव फार कमी. प्रतिस्पर्ध्याच्या हाती आपला हिशेब जाईल, ही शंका मला ऐकू येत आहे. प्रत सांकेतिक कुलूप लावून, पाकिटात घालून, लाखेची मोहोर करून द्यावी, म्हणजे कपाट सांभाळणाऱ्याला क्रमांकापलीकडे काही कळणार नाही. नेण्या-आणण्याची नोंद दोन्हीकडच्या सह्यांनिशी व्हावी.

तपासणीला दिवस कोणते? आपल्या पूर्वजांनी ते ठरवूनच ठेवले आहेत. ज्ञानपंचमीला पोथ्या बाहेर काढून, झाडून, पाहून पुन्हा वेष्टनात ठेवण्याची रीत आहे. ती येते कार्तिकात, दिवाळीचे वहीपूजन होऊन पाच दिवसांनी, पावसाळा संपल्यावर. दिगंबर बंधूंची श्रुतपंचमी ज्येष्ठात, पाऊस सुरू होण्याच्या सुमारास. म्हणजे वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर. आणि दोन्ही पंथांचा मान राहतो. त्या दिवशी प्रत्येक पेढीने एक तरी जुनी प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडावी, एखाद्या खात्याची शिल्लक छापील ताळेबंदाशी ताडून पाहावी आणि वहीत सही करावी. पूजा झाली म्हणून पोथी वाचता येते असे नाही, तसेच प्रत घेतली म्हणून ती उघडते असे नाही.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे या आशयाचा ठराव यावा, अशी लेखी सूचना मी कार्यवाहांकडे दिली आहे. कपाटांचा खर्च वर्गणीतून करावा की इच्छुक पेढ्यांकडून निराळा घ्यावा, हे सभेने ठरवावे. माझे मत निराळा घ्यावा असे आहे, कारण फुकटच्या कप्प्याची कोणी आठवण ठेवीत नाही. पेडण्याचे कपाट कोणाकडे असावे हा प्रश्न सूचनेत मोकळा ठेवला आहे. चढणीवर घर असलेल्या दोघा सभासदांची नावे माझ्या मनात आहेत, परंतु त्यांना विचारल्यावाचून ती येथे छापणे बरे दिसणार नाही.